बळ आणि चाल

मार्गशीर्षांत आमच्या लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते. देवदर्शनाइतकीच ती जनावरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. घोडे, उंट, गाढवें ह्यांचे सौदे तेथें होतात. घोड्याचा जाणता गिऱ्हाईक काय करतो, हें ज्यानें एकदां तरी लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्याला प्रस्तुत लेखांतील तत्त्व आधींच ठाऊक आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. तो घोड्याची छाती पाहतो, दांत पाहतो, खूर उचलून पाहतो. परंतु पैसे मोजण्यापूर्वीं तो जनावर चालवून पाहतो. भरल्या छातीचा घोडा चालींत खोटा निघाला, तर तो विनयानें हात जोडतो आणि पुढच्या दावणीकडे वळतो.

मोटारीच्या बाजारांत मात्र भलीं शहाणीं माणसेंही छाती पाहूनच सौदा करतात. इंजिन किती अश्वशक्तीचें, एका लिटरला किती किलोमीटर, रंग कोणता, इतकें विचारलें कीं चौकशी संपली. गाडी वळणावर कशी वागते, खड्ड्यांतून गेल्यावर किती वेळ डोलत राहते, ब्रेक दाबतां नाक किती खालीं घालते, हें विचारणारा विरळा. आज घरोघरीं मोटारी आहेत. त्यांतून वृद्ध आईबाप दवाखान्यांत जातात, लेंकरें शाळेंत जातात. तेव्हां ह्या चालीचा विचार केवळ कारखानदारांवर आणि मिस्त्रींवर सोंपवून कुटुंबांतील कर्त्या माणसांनीं स्वस्थ बसावें हें बरें नव्हे.

आमच्या घरीं हा विचार ज्या गाडीमुळें निघाला, तिची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. आमचे थोरले बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, नांदेडास वकिली करीत असतां १९९४ सालीं त्यांनीं एक ॲम्बॅसडर घेतली. ॲम्बॅसडरचा मूळ आराखडा इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड ह्या गाडीचा. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्सनें ती १९५७–५८ पासून बांधण्यास आरंभ केला, आणि २०१४ च्या मे महिन्यांत तें काम थांबलें. जुन्या ॲम्बॅसडरचें पेट्रोल इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचें, सुमारें पन्नास अश्वशक्तीचें असे. पुढें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जपानी इसुझू धर्तीचें १८१७ घनसेंटिमीटरचें, सुमारें पंचाहत्तर अश्वशक्तीचें इंजिन त्याच पत्र्याखालीं आलें. दादांची गाडी ह्या दुसऱ्या जातीची. घोड्याचें बळ दीडपट झालें. रथाचा सांगाडा आणि कमानी मात्र बहुतांशीं पूर्वींच्याच धर्तीच्या राहिल्या.

साध्या रथाला बलदंड घोडा जोडण्याचा हा प्रकार कांहीं आपल्याकडेच झाला असें नाहीं. अमेरिकेंत १९६४ सालीं पाँटियाक कंपनीनें आपल्या टेम्पेस्ट नांवाच्या मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें इंजिन बसवून ‘जीटीओ’ ह्या नांवानें ती विकली, आणि पाहतां पाहतां तशा गाड्यांची लाट आली. तिकडे त्यांना ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, म्हणतात. सरळ रस्त्यावर ह्या गाड्या बाणासारख्या सुटत. वळण आलें कीं मात्र त्यांचें वागणें भरतीच्या पाण्यांतील होडीसारखें होई. मागचा आंस अखंड, टायर जुन्या पद्धतीचे, बहुतेकांचे ब्रेक ड्रमचे. वाढते विम्याचे हप्ते, धुराविषयींचे कायदे आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा ह्यांनीं ती लाट ओसरली. ज्या गाड्या उरल्या त्या आज तेथील शौकीन लोक जिवापाड सांभाळतात, आणि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांतील पुष्कळ जण पैसा खर्च करतात तो अधिक बळासाठीं नव्हे, तर कमानी, टायर आणि ब्रेक सुधारण्यासाठीं. आपल्या देशांत १९८४ सालीं आलेल्या काँटेसा गाडीला कौतुकानें ‘भारतीय मसल कार’ म्हणतात. तिचें रूप इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीचें, पैलवानाचें. आरंभीं आंत हृदय मात्र ॲम्बॅसडरचें १४८९ घनसेंटिमीटरचेंच होतें. इसुझूचें इंजिन तिला मागाहून मिळालें, आणि २००२ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. ह्या नात्यानें पाहतां दादांची ॲम्बॅसडर काँटेसाची साध्या वेषांतील चुलत बहीणच म्हणावयाची.

आतां वादाची गोष्ट. दादांचें वय शहात्तर. गुडघे दुखतात. हल्लींच्या बसक्या मोटारींत त्यांना शिरतां येत नाहीं. ॲम्बॅसडरची बैठक उंच, दार रुंद, त्यामुळें ते त्यांत खुर्चीवर बसावें तसे बसतात. वहिनींना मणक्याचें दुखणें असून त्यांना महिन्यांतून एकदां लोह्याहून नांदेडास न्यावें लागतें. म्हणजे ही गाडी केवळ हौसेची नव्हे, तर गरजेची. परंतु गेल्या वर्षीं कंधारच्या रस्त्यावर एका सायंकाळीं, मागें दिवा नसलेला कापसाचा ट्रॅक्टर वळणावर अकस्मात् पुढें आला. पुतण्यानें चाक फिरवून गाडी वांचविली खरी. पण ती एका अंगावर इतकी कलली कीं मागें बसलेल्या नातवाचें डोकें कांचेवर आदळलें, आणि पुन्हां सरळ होण्यापूर्वीं ती दोन्ही बाजूंस तीन वेळां हेलकावली. दुखापत नांवापुरतीच झाली. तरी त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर सूनबाई ओसरीवर येऊन शांतपणें म्हणाल्या, “मामंजी, ह्या गाडींत मी मुलांना पुन्हां बसूं देणार नाहीं.” दादा कांहींच बोलले नाहींत. ज्या घरांत चार पिढ्या एका पंक्तीला जेवतात, तेथें एका वाक्यानें पडलेली शांतता किती जड असते, हें वाचकांस सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं घरांत तीन पक्ष झाले. दादा म्हणत, गाडी आहे तशी राहूं द्यावी आणि सावकाश चालवावी. शेजारपाजारचे म्हणत, भंगारांत द्यावी. आमचा पुतण्या पुण्यास इंजिनिअर आहे. अमेरिकन गाड्यांचा त्याचा व्यासंग मोठा. त्याचें मत असें कीं, आंखूड व कडक स्प्रिंगा घालून गाडी चार बोटें खालीं बसवावी, रुंद टायर चढवावे, आणि पुढें-मागें जाड सळया लावाव्या. “काका, गाडी रस्त्यावर दगडासारखी बसली पाहिजे,” असें तो आम्हांस म्हणाला. त्यावर आंतून वहिनींचा आवाज आला, “दगडावरच बसायचें तर घरांत पाटा आहे कीं!” शेवटीं, ‘भावोजींना सवड आहे, त्यांनीं चौकशी करून काय तें सांगावें’ असा वहिनींनीं निकाल दिला. आमचा जन्म शब्दरूपें घोकवून घेण्यांत गेला असला तरी वस्तूचें मूळ शोधावें ही संवय त्याच विद्येनें लावली आहे. महिनाभर आम्ही नांदेडच्या एका वृद्ध मिस्त्रींच्या दुकानांत जाऊन बसलों, पुतण्याशीं वाद घातला, पुस्तकें पाहिलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें सर्व कुटुंबांच्या उपयोगी पडण्यासारखें आहे.

पहिली गोष्ट स्प्रिंगेची. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक ह्यानें १६७८ सालीं सिद्धांत मांडला कीं, स्प्रिंग जितकी ताणावी त्या प्रमाणांत ती उलट जोर करते. दुप्पट भार, दुप्पट दबणें. ह्या साध्या त्रैराशिकावर सर्व मोटारी तरंगतात. आतां असें पाहा: गाडीच्या वजनानें स्प्रिंग जर सुमारें २५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी एका सेकंदांत एकदां वरखालीं होते, आणि ती केवळ सहा सेंटिमीटर दबत असेल, तर सेकंदांत दोनदां. माणसाच्या शरीराला सेकंदास एक-दीड झोंका मानवतो, कारण आपल्या चालण्याचा ठेकाही त्याच्या जवळपासचा असतो. झोंके दुप्पट करावयाचे तर स्प्रिंग चौपट कडक करावी लागते. शर्यतीच्या गाडीला तें शोभतें. तिचा रस्ता आरशासारखा असतो आणि आंत एकच तरुण बसलेला असतो. वहिनींच्या मणक्याला तें शोभणार नाहीं.

आमच्या मुलखाची माती येथें विसरतां येत नाहीं. मराठवाड्याची काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरील डांबरी रस्ता थोड्याच वर्षांत लाटालाटांचा होतो. नांदेडहून लोह्यावरून लातुराकडे जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणाचें काम अलीकडच्या वर्षांत झालें, तेव्हां तो रस्ता पुष्कळ सुधारला; परंतु तेथून गांवाकडे वळलें कीं पुन्हां त्याच लाटा. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. रस्त्यावर दर चौदा मीटरांवर एक उंचवटा असला, तर गाडीला सेकंदांत सव्वा धक्का बसतो. गाडीचा स्वतःचा झोंकाही नेमका तेवढाच असला, म्हणजे पाळण्याला योग्य क्षणीं हात लावीत गेल्याप्रमाणें प्रत्येक उंचवट्यागणिक ती अधिकाधिक उसळूं लागते.

ह्यावर उपाय स्प्रिंग नव्हे. उपाय तिचा सोबती, ज्याला आपल्याकडे गॅरेजांतून ‘शॉकअप’ म्हणतात. इंग्रजींत त्याचें नांव धक्का शोषणारा असें असलें तरी तें नांव फसवें आहे. धक्का घेते ती स्प्रिंग. हा सोबती धक्का घेत नाहीं, धक्क्याची आठवण पुसतो. त्याच्या नळीत तेल असतें. दट्ट्या हलतांना तें तेल बारीक छिद्रांतून जावें लागतें, आणि झोंक्याचा जोर तेथें उष्णता होऊन संपतो. तेल गळालें कीं स्प्रिंग एकाकी पडते आणि झोंका थांबत नाहीं. परीक्षा सोपी आहे. गाडी उभी असतां एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनीं भार द्यावा आणि सोडून द्यावा. गाडी एकदां वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन वेळां डोलली तर त्या कोपऱ्यांतील शॉकअप गेला असें समजावें. दादांच्या गाडीचे मागचे दोन्ही कोपरे पाळण्यासारखे डोलले.

दुसरी गोष्ट वळणाची. वळतांना गाडीला बाहेर फेंकूं पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४० ऐवजीं ६० च्या वेगानें तेंच वळण घेतलें, तर हा जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. दादांच्या ‘सावकाश चालवा’ ह्या म्हणण्यांत म्हणूनच पुष्कळ तथ्य होतें. परंतु ट्रॅक्टर पुढें येतो तेव्हां मनुष्य वेग निवडीत नसतो. त्या क्षणीं गाडीनें हांक ऐकली पाहिजे. गाडीचें अंग कलतें तेव्हां चाकेंही तिरपीं होऊं पाहतात, आणि टायरची रस्त्यावरील पकड घटते. अमेरिकेंत १९६५ सालीं शेल्बी ह्यांनीं फोर्डच्या मस्टँग गाडीची जी नामांकित आवृत्ति काढली, तींत पुढच्या चाकांच्या वरच्या बाहूचा आधार केवळ एक इंच खालीं घेतला होता, एवढ्यासाठीं कीं गाडी कलली तरी बाहेरचें चाक शक्य तों उभें राहावें. एक इंच! विद्वानाच्या वाक्यांत एक मात्रा जितकी मोलाची, तितकाच चाकांच्या भूमितींत एक इंच.

तिसरी गोष्ट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या नात्याची. ॲम्बॅसडरचीं पुढचीं दोन चाकें स्वतंत्र आहेत. एक खड्ड्यांत गेलें तरी दुसऱ्याला त्याचें सुतक नाहीं. मागचीं दोन मात्र एकाच अखंड आंसावर, एकत्र कुटुंबांतील भावांसारखीं; एकाचा धक्का दुसऱ्याला पोंचतोच. त्या आंसावर पोलादी पाट्यांची कमान आहे. पुढें कमान नसून दोन लांब सळया आहेत, ज्यांना टॉर्शन बार म्हणतात. चाक वर गेलें कीं सळई पिळली जाते, आणि पीळ सुटतांना ती चाकाला पुन्हां खालीं दाबते. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, ही म्हण येथें चांगल्या अर्थानें घ्यावी: ज्या सळईनें वर्षानुवर्षें एका दिशेचा पीळ घेतला, ती उजवीकडची डावीकडे कधीं लावूं नये.

रोल्स-रॉईसमधून अमेरिकेंत गेलेला मॉरिस ऑली नांवाचा इंग्रज अभियंता कॅडिलॅकच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत ह्याच प्रश्नावर काम करीत होता. पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षां कांहींशा मऊ ठेवाव्या, असें त्यानें दाखविलें. उंचवटा आधीं पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्यांना. मागची बाजू जराशी चपळ असली तर ती उशिरां निघूनही पुढच्या बाजूला गांठते, दोघी एकत्र वरखालीं होतात, आणि गाडी नाक-शेपूट आपटीत नाहीं. ह्यांत ‘जरासें’ हा शब्द महत्त्वाचा. दादांच्या गाडींत कोणे एके काळीं मागचे पाटे बसूं लागले म्हणून एका गॅरेजवाल्यानें एक जाड जादा पाटा घालून दिला होता. त्यानें गाडीची शेपूट उंच झाली, भार पेलूं लागली, आणि त्या दिवसापासून ती उधळलेल्या वासरासारखी मागें उड्या मारूं लागली. रोग एक, औषध दुसरें. त्यानें तिसरा रोग जडला.

कायद्याची बाजू दादांनीं स्वतः मांडली, आणि ती मांडतांना कित्येक दिवसांनीं त्यांचा जुना आवाज ऐकूं आला. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाप्रमाणें निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार वाहनांत मालकाला आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच बजावून सांगितलें. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२१ सालीं ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नियम झाले. पण आमची गाडी त्या मानानें अजून तरुण आहे, आणि दर पांच वर्षांनीं तिला तपासणीस उभें राहून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. झिजलेला भाग काढून त्याच मापाचा चांगला भाग घालणें हा कोणाचाच गुन्हा नाहीं. गाडी खालीं बसविणें आणि बाहेर डोकावणारे टायर चढविणें ही वेगळी गोष्ट. “अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील,” दादा मुलाला म्हणाले. पुतण्या ह्यावर निरुत्तर झाला, तरी त्याचा एक मुद्दा मिस्त्रींनाही पटला: शॉकअप मूळ मापाचेच असावे, पण अंमळ कडक जातीचे. स्प्रिंग मऊ ठेवून तिचा सोबती खंबीर करावा, म्हणजे पाठही वांचते आणि हेलकावाही थांबतो. तरुण माणसाची मागणी ‘कडकपणा’ ह्या शब्दांत आली म्हणून ती सगळीच टाकाऊ ठरत नाहीं. कडकपणा कोठें हवा एवढेंच ठरवावयाचें होतें.

मग काम सुरू झालें. मिस्त्रींनीं प्रथम गाडीखालीं न शिरतां टायर पाहिले. टायरच्या कडेवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असें असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. आमचे टायर अकरा वर्षांचे निघाले. खांचा शाबूत, रबर मात्र वाळलेल्या चामड्यासारखें. “गुरुजी, गाडी कितीही सुधारा, जमिनीला लागतें तें एवढेंच,” असें म्हणून त्यांनीं आपला तळहात दाखविला. प्रत्येक टायर रस्त्याला टेंकतो तो साधारण तळहाताएवढाच, आणि सर्व शास्त्राचा शेवट त्या चार तळहातांवर होतो. ठरलेल्या मापाचे नवे रेडियल टायर आले.

नंतर सांध्यांतील रबरी बुश. ते दिसायला क्षुद्र, पण पाटे आणि सांगाडा ह्यांच्या मधला सगळा खडखडाट तेच गिळतात. आमचे भुगा झाले होते. मागचा तो जादा पाटा काढला, तेव्हां खालचा दुसरा पाटा तडकलेला आढळला. दोन्ही कमानी मूळ संख्येच्या पाट्यांनिशीं नव्या बांधल्या. पुढें डावी बाजू उजवीपेक्षां तीन सेंटिमीटर उतरली होती. टॉर्शन बारांचा पीळ जुळवून दोन्ही बाजू समान केल्या. चारी शॉकअप नवे. पुढच्या सांध्यांना वंगण. सर्वांत शेवटीं चाकांची दिशा यंत्रावर जुळविली. हें शेवटींच करावयाचें असतें. खालचें सारें ढिलें असतां आधीं अलाइनमेंट करणें म्हणजे संधि सोडविण्यापूर्वीं अन्वय लावण्यासारखें आहे. कलणें रोखणारी जाड सळई, जी पुतण्याला फार हवी होती, ती तूर्त लावली नाहीं. अशी सळई एकाच टोंकाला वाढविली कीं पुढचीं आणि मागचीं चाकें ह्यांची पकड विषम होते. म्हणून मूळ प्रकृति सुधारल्यावर गरज दिसली तरच तिचा विचार करावा, असें ठरलें. एकूण खर्च बेचाळीस हजार रुपये आला, आणि त्यांतला जवळजवळ अर्धा टायरांचा.

गाडीची परीक्षा कोणीं घ्यावी ह्यावर घरांत चर्चा झाली नाहीं. सूनबाईंनीं किल्ली मागून घेतली. मागें वहिनी बसल्या, पुढें आम्ही. मुलांना घरींच ठेवलें होतें. कंधारच्या रस्त्यावरचें तेंच वळण त्यांनीं आधीं चाळीसच्या, मग पन्नासच्या वेगानें घेतलें. नंतर मोकळा रस्ता पाहून एकदां मुद्दाम चाक झटक्यानें फिरवून परत आणलें. गाडी कलली. ॲम्बॅसडर कललीच पाहिजे, तिचें अंग उंच आहे. परंतु कलली ती एकदां. लगेच सरळ झाली आणि पुढें चालूं लागली. परततांना खड्ड्यांचा तुकडा लागला तेव्हां आम्ही मागें वळून पाहिलें. वहिनी खिडकींतून तुरीचें शेत पाहत होत्या, आणि त्यांचा हात कमरेवर नव्हता. घरीं आल्यावर सूनबाईंनीं किल्ली दादांच्या पुढ्यांत ठेवली आणि म्हणाल्या, “मामंजी, मुलें येतील. पण पट्टे बांधूनच, आणि रात्रीं कंधारच्या रस्त्याला नाहीं.” दादांनीं दोन्ही अटी मान्य केल्या. कित्येक वर्षांत त्यांनीं अशीलाकडून इतक्या चटकन अटी मान्य करून घेतल्या नसतील.

कठोपनिषदांत शरीराला रथाची उपमा दिली आहे. बुद्धि सारथि, मन लगाम, इंद्रियें घोडे, हें वाचकांस परिचित आहेच. आमच्या ध्यानांत ह्या निमित्तानें आलें कीं, त्या सुंदर रूपकांत आंसाला आणि चाकांना कोणतेंच नांव दिलेलें नाहीं. ऋषींना घोडे आवरावयाचे होते, तेवढें त्यांनीं सांगितलें. आजच्या संसारी माणसाला मात्र घोड्यांबरोबर आंसाकडेही पाहावें लागतें.

ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे, मग ती ॲम्बॅसडर असो, पद्मिनी असो वा दुसरी कोणती, त्यांस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, तिचें बळ वाढविण्याचा विचार मनांत आला तर आधीं चारी कोपऱ्यांवर हात दाबून पाहावा, आणि टायरवरचे चार आंकडे वाचावे. प्रथम टायर, मग बुश आणि शॉकअप, मग कमानी, आणि सर्वांच्या शेवटीं अलाइनमेंट, हा क्रम मोडूं नये. घरांतील ज्या माणसाची पाठ सर्वांत नाजूक असेल त्याला मागच्या बैठकीवर बसवून गाडी पाहावी, आणि निर्णय त्याच्यावर सोंपवावा. आमच्या पुतण्याची जाड सळई अजून माळ्यावर गुंडाळून ठेविली आहे. पुढच्या दिवाळींत तो येईल तेव्हां तिचा प्रश्न पुन्हां निघेल, आणि निघावा. तोंपर्यंत महिन्याच्या पहिल्या सोमवारीं सकाळीं सात वाजतां गाडी नांदेडास निघते, आणि पुढच्या बैठकीवर दादा असतात.